संडासातलं पाणी जाईना!

बालमित्रांनो, आजच्या विषयाचं नाव वाचूनच काहींनी नाक मुरडलं असेल, तर काहींना हसू फुटलं असेल. मी हा शब्द फळ्यावर लिहिला, तेव्हा आमचा चौथीचा अख्खा वर्ग खी-खी करून हसला होता. हसा, पोटभर हसा! आणि हसून झालं की मला सांगा, घरातली अशी कोणती जागा आहे जी एक दिवसही बंद ठेवून चालत नाही? स्वयंपाकघर बंद पडलं, तर शेजारच्या काकू डबा पाठवतात. दिवे गेले, तर मेणबत्ती लावता येते. पण संडास तुंबला तर? शेजारच्या काकूंकडे दिवसातून किती वेळा जाणार? पाहुणे आलेले असले म्हणजे तर विचारूच नका.

आमच्या इगतपुरीत आषाढ लागला, की कुठल्या ना कुठल्या घरातून ही तक्रार ऐकू येतेच. कुणी म्हणतं, "फ्लश केला तरी जात नाही." कुणी म्हणतं, "पाणी काठापर्यंत वर येतं आणि मग हळूहळू उतरतं." कुणाच्या घरी नुसताच गुडगुड आवाज येतो. यावर मोठी माणसं तीन गोष्टी करतात. आणखी पाणी ओततात, ॲसिड ओततात, नाहीतर माणूस बोलावतात. पण बिघाड नेमका कुठं आहे, हे आधी शोधायला नको का? पोट दुखतंय म्हटल्यावर डॉक्टर लगेच सुरी घेऊन धावत नाहीत. आधी विचारतात, कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय, काय खाल्लं होतं. आपणही तसंच करायचं. त्यासाठी संडासाच्या पोटात काय काय असतं ते कळायला हवं.

भांड्याच्या तळाशी नेहमी थोडं पाणी दिसतं ना? ते उरलेलं पाणी नाही बरं का, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. भांड्याच्या खालचा पाइप सरळ खाली जात नाही. तो आधी खाली जातो, मग थोडा वर वळतो आणि पुन्हा खाली जातो. या वळणाला प्लंबरकाका 'ट्रॅप' म्हणतात. वळणात अडकून राहिलेलं पाणी म्हणजे एक कुलूपच. पलीकडच्या टाकीतला घाण वास आणि किडे यांना ते घरात येऊ देत नाही. मे महिन्याच्या सुटीत आठ-पंधरा दिवस मामाच्या गावाला जाऊन परत आलं, की बंद घरात कधीकधी वास का मारतो? उन्हाळ्यात त्या वळणातलं पाणी वाळून जातं आणि कुलूप उघडतं. दोन तांबे पाणी ओता, वास बंद!

ही युक्ती पेटंट घेऊन पुढं आणली ती अलेक्झांडर कमिंग नावाच्या माणसानं, लंडनमध्ये, १७७५ साली. आणि तो कोण होता माहीत आहे? घड्याळजी! बारीक चाकं, स्प्रिंगा यांच्याशी खेळणाऱ्या माणसानं इंग्रजी 'एस' अक्षरासारखा वाकडा पाइप संडासाला जोडला. सुमारे अडीचशे वर्षं झाली, तरी त्याहून साधं आणि स्वस्त काही कुणाला सुचलेलं नाही.

आता एक प्रयोग करू. गवंडीकाका भिंतीची पातळी बघायला पारदर्शक नळी वापरतात, ती लेव्हलची नळी हातभर मिळवा. बोटाएवढ्या जाडीची असली तर उत्तम. एका फळीवर ती आडव्या पडलेल्या 'एस'सारखी वाकवून सुतळीनं बांधा आणि वरच्या तोंडाला नरसाळं लावा. थोडं पाणी ओता. वळणात ते अडून राहील. दुसऱ्या टोकानं हळूच फुंकर मारा. हवा पलीकडं जाणार नाही. हे झालं कुलूप. आता नरसाळ्यातून थर्माकोलचा एक बारीक मणी आत सोडा आणि चमच्याचमच्यानं पाणी ओतत राहा. पलीकडून पाणी बाहेर येईल, पण मणी जागचा हलणार नाही. मग पेलाभर पाणी एकदम ओता. मणी वळण पार करून सुळकन बाहेर!

कळलं का? संडासाला नुसतं पाणी पुरत नाही, पाणी एकदम पडावं लागतं. तांब्यातांब्यानं दहा लिटर ओतलं तरी जे जात नाही, ते एका बादलीच्या दणक्यानं जातं. म्हणून आपली पहिली तपासणी बादलीची. भरलेली बादली थोडी उंच धरून एकदम भांड्यात ओतायची. हे काम मोठ्यांनी करायचं, तुम्ही दारात उभं राहून बघायचं. पाणी काठाकडं चढत चाललं, तर लगेच हात आवरायचा. भर्रकन सगळं गेलं, तर भांडं, वळण आणि पाइप ठीक आहेत, दोष वरच्या टाकीत आहे. पाणी वर येऊन रेंगाळलं, तर दोष खाली आहे. अर्ध्या मिनिटात निम्मी शोधाशोध संपली.

दोष टाकीत असेल तर तुमचं नशीब चांगलं. झाकण उचलून आत बघा. पाणी किती आहे? आत पाण्यावर तरंगणारा एक फुगा किंवा डबी असते. पाणी ठरलेल्या उंचीला आलं, की ती वर येऊन नळ बंद करते. ती अलीकडंच अडकली, तर टाकी अर्धीच भरते आणि फ्लश अर्धवट होतो. तळाचं रबरी वायसर झिजलं असेल, तर रात्रभर पाणी झिरपत राहतं आणि सकाळी टाकी रिकामी! बोअरचं जड पाणी असेल, तर भांड्याच्या काठाखालच्या भोकांत पांढरा खार बसतो आणि पाणी जोरात न पडता नुसतं ठिबकतं. जुना दात घासायचा ब्रश आणि व्हिनेगर हा त्यावरचा गरीब उपाय आहे, पण चालतो. जुन्या टाक्या दहा-साडेबारा लिटरच्या असायच्या. हल्लीच्या दोन बटणांच्या टाक्या साधारण तीन आणि सहा लिटर सोडतात. पाणी वाचतं हे खरं. पण दहा लिटरसाठी बनवलेलं जुनं भांडं तसंच ठेवून वर नवी छोटी टाकी बसवली, तर ते बिचारं काय करणार? हत्तीला वाटीभर भात घातल्यासारखं होतं.

भांड्याचंही तसंच. शहरात बसवतात त्या नेहमीच्या भांड्यात त्या पाण्याच्या कुलपाची खोली ५० मिलिमीटरच्या आसपास असते. खेड्यातल्या दोन खड्ड्यांच्या संडासासाठी वेगळं, जास्त उताराचं भांडं मिळतं. त्यात कुलूप फक्त २० मिलिमीटरचं असतं. त्यामुळं त्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. आता आमच्या तालुक्यातली गंमत बघा. पावसाळ्यात चहूकडं पाणीच पाणी, आणि एप्रिल-मे आला की काही वाड्यापाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. जिथं आई डोक्यावर हंडा घेऊन पाणी आणते, तिथं कुणी दुकानातून चकचकीत शहरी भांडं आणून बसवलं, तर तो संडास कधीच धड साफ होणार नाही. मग घरची माणसं म्हणतात, "संडास बांधून काही उपयोग नाही." आणि त्या खोलीत गोवऱ्या नाहीतर लाकडं भरली जातात. त्यात त्या माणसांचा दोष मला तरी दिसत नाही. नाशिकजवळ गोवर्धन इथल्या निर्मल ग्राम निर्माण केंद्रासारख्या संस्थांनी कमी पाण्यावर चालणारे संडास लोकांना दाखवले, शिकवले, ते म्हणूनच.

बरं, बादली ओतल्यावर पाणी वर आलं आणि रेंगाळलं, तर? मग बहुतेक वळणात काहीतरी अडकलेलं असतं. काय काय अडकतं याची यादी प्लंबरकाकांकडून ऐकली, तर तुम्ही थक्क व्हाल. टूथब्रश, साबणाचे तुकडे, शांपूच्या पुड्या, गुटख्याची पाकिटं, केसांचे गुंते, चहाचा चोथा, फडकी, खेळण्यातली मोटार! मोठ्या मुलींना एक गोष्ट मोकळेपणानं सांगते. सॅनिटरी पॅड संडासात टाकू नका. ते पाणी पिऊन फुगतं आणि अगदी बुचासारखं बसतं. कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाका. शाळेत असा झाकणाचा डबा नसेल, तर बाईंना सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि डबा ठेवणं हे शाळेचं काम आहे. इगतपुरीच्या मुलांना रेल्वे काही नवी नाही. पूर्वी डब्यातली घाण सरळ रुळांवर पडायची. आता डब्याखाली बायोटॉयलेटच्या टाक्या असतात आणि त्यातले जिवाणू घाण कुजवतात. पण त्यांच्यापुढंही प्लास्टिकची बाटली आली, की ते हात टेकतात. जिवाणू झाले म्हणून काय, त्यांनाही पचेल तेच पचणार.

वळणातला अडथळा काढायला लाकडी दांड्याचा रबरी पंप मिळतो. रबराची वाटी पाण्यात पूर्ण बुडली पाहिजे, नाहीतर नुसती हवा दाबली जाते. लोक तो जोर लावून दाबतात आणि थांबतात. खरी गंमत ओढण्यात आहे. दाब, ओढ, दाब, ओढ, असं दहा-बारा वेळा केलं, की अडकलेली वस्तू मागं-पुढं हलून मोकळी होते.

आणि ॲसिड? आई-बाबांनो, ही ओळ तुमच्यासाठी. ॲसिडनं खार जातो, पण टूथब्रश विरघळत नाही आणि पॅडही विरघळत नाही. वर सेप्टिक टँकमधले घाण कुजवणारे उपयोगी जिवाणू मात्र मरतात. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र टाकू नका. दोन्ही मिळाले, की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तो फुप्फुसांना इजा करतो आणि जिवावरही बेतू शकतो. मुलांनी या दोन्ही बाटल्यांना हातसुद्धा लावायचा नाही.

कधीकधी वळण स्वच्छ असतं आणि दोष पाइपच्या ढाळात असतो. चार इंची पाइपला साधारण ४० फुटांमागं एक फूट उतार द्यायचा असा ठोकताळा आहे. हा आकडा ऐकून आमच्या गावच्या मुलांचे कान टवकारतात. कारण आपल्या थळ घाटातल्या, म्हणजे कसारा घाटातल्या, रेल्वेचा सर्वांत मोठा चढ ३७ ला एक आहे! जो चढ चढायला गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, जवळजवळ तेवढाच उतार आपल्या संडासाच्या पाइपला लागतो. पाइप त्याहून सपाट बसला, तर पाणी पुढं निघून जातं आणि गाळ मागं राहतो. रोज थोडा थोडा गाळ साचत जातो आणि चार-सहा महिन्यांनी पाइप बंद. नवं घर बांधताना फरशी लावण्याआधी हा ढाळ लेव्हलच्या नळीनं मोजून घ्यायचा. एकदा फरशी बसली, की मग फोडण्याशिवाय उपाय नाही.

गुडगुड आवाज येत असेल, तर तो बहुतेक हवेचा असतो. पाणी खाली जायचं तर पाइपमधल्या हवेनं बाजूला व्हायला हवं. त्यासाठी छपराच्या वर जाणारा एक उभा पाइप असतो, त्याला गॅस पाइप म्हणतात. त्याच्या तोंडाशी पाखरानं घरटं केलं किंवा पानं अडकली, की हवा कोंडते. बाटली एकदम उलटी केली की कसं भक्-भक् करत पाणी येतं? तेच. जाळीची टोपी बसवली की झालं. (घरट्यात पिल्लं असतील, तर ती उडेपर्यंत थांबा हं!)

आता खरी इगतपुरीची गोष्ट. आमच्या तालुक्यातल्या एका घरातला संडास दिवाळीपासून मृगापर्यंत छान चालायचा आणि आषाढात दरवर्षी बंद पडायचा. त्या घरातली मुलगी आमच्याच शाळेत होती. हुशार, बडबडी. पण जुलैत ती शाळेत पाणी प्यायची नाही. बाटली भरून आणायची आणि तशीच परत न्यायची. कारण विचारलं, तर आधी सांगेना. मग हळूच म्हणाली, "बाई, पाणी प्यायलं की घरी गेल्यावर जावं लागतं. आणि घरचा बंद आहे." आजोबा पहाटे छत्री घेऊन शेताकडं जायचे. आजी एकदा चिखलात घसरून पडल्या. बाबांनी दोनदा ॲसिड टाकलं होतं. एका कारागिरानं तर भांडं फोडून नवीन बसवायला सांगितलं होतं.

त्याच दिवसांत आम्ही वर्गात पाऊस मोजत होतो. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. हे गणित मुलांना फार आवडतं. इगतपुरीला वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नाशिक शहरात साधारण ७०० मिलिमीटर. म्हणजे ४५-५० किलोमीटरवर चौपटीहून जास्त फरक! मी गृहपाठ दिला होता, की आपापल्या छपरावर एका दिवसात किती पाणी पडतं ते काढा. या मुलीचं घर आठ मीटर लांब आणि पाच मीटर रुंद. म्हणजे छप्पर ४० चौरस मीटर. एका दिवसाचा पाऊस १०० मिलिमीटर. उत्तर आलं ४००० लिटर. मग ती छत्री घेऊन अंगणात गेली आणि पन्हळीचा पाइप कुठं जातो ते बघू लागली. अंगणात चिखल नको, म्हणून कुणीतरी तो पाइप संडासाच्या चेंबरमध्ये सोडून दिला होता! त्यांचा सेप्टिक टँक दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, आत पाणी एक मीटर. म्हणजे २००० लिटर. दोन हजारांच्या टाकीत दिवसाला चार हजार लिटर पाणी घुसत होतं. बिचारं भांडं काय करणार?

सेप्टिक टँकबद्दल एक गैरसमज असतो. "टँक भरला" असं आपण म्हणतो. पण तो नेहमी भरलेलाच असतो! गाळ तळाशी बसतो, दुधावर साय यावी तसा थर वर तरंगतो आणि मधलं पाणी बाहेर पडून शोषखड्ड्यात मुरतं. जेवढं आत येतं तेवढंच बाहेर जातं. आता मुरायला जमिनीत जागा पाहिजे ना? आमच्याकडं खाली काळा कातळ आणि वर मातीचा पातळ थर. सतत दहा-बारा दिवस पाऊस झाला, की माती भिजलेल्या स्पंजसारखी होते. शोषखड्डा भरतो, मग टँकची पातळी वाढते, मग पाइपमध्ये पाणी उभं राहतं. अशा वेळी भांड्यात कितीही बादल्या ओता, पाणी जाणार कुठं? तर पावसाळ्यातच संडास तुंबत असेल आणि कोरड्या दिवसांत नीट चालत असेल, तर भांडं फोडू नका. दोष भांड्यात नाही, जमिनीत आहे.

त्या घरी पन्हळीचा पाइप काढून कुंपणाकडच्या नालीला सोडला. चार-पाच दिवसांत संडास चालू झाला. अगदी शंभर टक्के नाही बरं का! झड लागली, की अजूनही पाणी थोडं हळू उतरतं. त्यावरचा पक्का उपाय म्हणजे शोषखड्डा उथळ करायचा, जोत्यासारखा जमिनीच्या वर उचलायचा आणि भोवती मातीचा भराव घालायचा. त्याला खर्च आहे. तो त्यांनी पुढच्या वर्षावर टाकला. आणि खड्डा विहिरीपासून जितका दूर तितका बरा, निदान ५० फूट तरी. कातळाला भेगा असल्या तर तेवढंही अंतर कमी पडतं. म्हणून पावसाळ्यात पाणी उकळूनच प्या.

आता यातला एक भाग मुलांना सांगावा की नाही, याचा मी बराच विचार केला. सांगायचं ठरवलं. टँक गाळानं खरोखर भरला, की तो उपसावा लागतो. दर दोन-तीन वर्षांनी. त्यासाठी पंप असलेली गाडी मिळते, नगरपालिकेची किंवा खासगी. पण चार पैसे वाचवायला किंवा घाईघाईत काही लोक एखाद्या गरीब माणसाला सांगतात, "जरा आत उतरून बघ रे." हे कधीही, कधीही करायचं नाही. टँकमध्ये घाण कुजताना हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळं तळाशी साचून राहतो. त्याला सडक्या अंड्याचा वास असतो, पण तो खूप जास्त असला तर आपलं नाकच काम करेनासं होतं. वास येत नाही म्हणून माणसाला वाटतं, सगळं ठीक आहे. दोन श्वासांत तो बेशुद्ध पडतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही पडतो. वर्तमानपत्रात एका टाकीत दोन-तीन जण गेल्याची बातमी येते, ती अशी. संरक्षक साधनांशिवाय कुणालाही टँकमध्ये उतरवणं हा २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. असा मृत्यू झाला, तर कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. पण ज्या मुलाचे बाबा परत आले नाहीत, त्याला त्या रकमेचं काय?

पिढ्यान् पिढ्या हे काम काही ठरावीक जातींच्या माथी मारलं गेलं. तुमच्या पणजोबांच्या काळात गावात टोपलीचे संडास असायचे. मागच्या दारानं कुणीतरी येऊन ती घाण डोक्यावरून वाहून न्यायचं, आणि त्यालाच लोक शिवायचे नाहीत! यावर चिडलेला एक माणूस कोकणात होऊन गेला. अप्पासाहेब पटवर्धन, जन्म १८९४. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणत. स्वातंत्र्याच्या चळवळीत ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथं त्यांनी मागणी केली, "मला संडास साफ करायचं काम द्या." तुरुंगवाल्यांनी नकार दिला. उच्च जातीच्या कैद्यानं हे काम करायचं नाही म्हणे! अप्पांनी त्यासाठी अन्न कमी केलं. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना हे कळलं, तेव्हा डिसेंबर १९३२ मध्ये त्यांनीही अप्पांच्या बाजूनं उपोषण केलं. शेवटी सरकारला नमतं घ्यावं लागलं. विचार करा, लोक तुरुंगात चांगलं जेवण मागतात, हा माणूस झाडू मागत होता.

अप्पा नुसते झाडू घेऊन थांबले नाहीत. १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. माणसाच्या मैल्याला कुणालाही हात लावावा लागू नये आणि त्याचं खत व्हावं, अशा साध्या संडासांचे प्रयोग तिथं केले. हल्लीच्या दोन खड्ड्यांच्या संडासामागंही हाच विचार आहे. साधारण मीटरभर खोलीचे दोन खड्डे. भिंत विटांची, पण मध्ये मध्ये भोकं ठेवलेली. तळाला सिमेंट नाही. एक खड्डा चालू, दुसरा बंद. पहिला भरायला पाच-सहा माणसांच्या घराला साधारण पाच वर्षं लागतात. मग चेंबरमधलं एक तोंड बंद करून पाणी दुसऱ्याकडं वळवायचं. पहिला दीड-दोन वर्षं झाकून ठेवायचा. उघडला, की आत काळी, कोरडी, बिनवासाची माती! शेतकरी तिला सोनखत म्हणतात. यात सेप्टिक टँकसारखा जड वायूही साचून राहत नाही, कारण तो मातीत शोषला जातो. जमीन कोरडी आणि पाणी मुरणारी असेल, तर मी डोळे मिटून याचीच शिफारस करीन. आमच्यासारखी कातळाची आणि पावसाची असेल, तर खड्डे उथळ आणि उंचावर घ्यावे लागतील, एवढंच.

आई-बाबांनो, शक्य असेल तर टँक मे महिन्यात तपासून घ्या. जुलैमध्ये गाडी अंगणापर्यंत येत नाही, चाकं रुततात. झाकण जड आणि पक्कं बसणारं ठेवा. फुटलेल्या झाकणावर पत्रा टाकून वेळ मारून नेऊ नका, अंगणात मुलं खेळतात.

आणि मुलांनो, तुम्हाला गृहपाठ! घराच्या छपराची लांबी आणि रुंदी पावलांनी मोजा. आपलं एक पाऊल किती सेंटिमीटरचं आहे, ते आधी पट्टीनं बघून घ्या. अंगणात सरळ उभट डबा ठेवून एका दिवसाचा पाऊस मिलिमीटरमध्ये मोजा. गुणाकार करा आणि पन्हळीचं पाणी कुठं जातं ते शोधा. सगळं चित्र काढून पाठवा. चित्रात पाइप कुठून कुठं जातो, ते बाणांनी दाखवायला विसरू नका.